विमलअक्का काही शिकवत नाहीत

जळगावात आमच्या पिंप्राळ्यात नवं बिऱ्हाड आलं आणि घरात तीन-चार वर्षांचं पोर असलं, की शेजारणी दोन गोष्टी न विचारता सांगतात. नळाला पाणी कधी येतं आणि बालवाडी कुठली बरी. विमलअक्कांच्या बालवाडीचं नाव निघालं की सांगणारी जरा अडखळायची. "बाई फार चांगल्या आहेत हो. पोरं रडत नाहीत तिथं, सुट्टीच्या दिवशीही जायचं म्हणतात. पण काही शिकवत नाहीत."

हे वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय, की बालवाडीच्या पाटीवर तेच रंगवून घ्यावं असं मला वाटायचं. अक्कांना एकदा तसं म्हटलंही. त्यांनी खरंच विचार केला आणि म्हणाल्या, "नको, पाटी लहान आहे आपली."

मी अमळनेरची. लग्न होऊन जळगावला आले आणि घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ही बालवाडी मिळाली म्हणून खूश झाले. पूर्वप्राथमिकचा डिप्लोमा केलेला होता, पहिल्या नंबरानं, हे मी तेव्हा कुणालाही पाचव्या मिनिटाला सांगत असे. पहिल्या दिवशी काखेत तक्त्यांची गुंडाळी आणि तोंडात चौदा बालगीतं घेऊन मी पोचले. कॉलनीच्या सभागृहाचा एक मोठा हॉल, आतली एक खोली, पुढे ओटा आणि मागे अंगण. ओट्यावर चारेक वर्षांचा एक पोरगा कळशीतलं पाणी छोट्या छोट्या तांब्यांत ओतत होता. ओतत कसला, सांडत होता. मी गुंडाळी टाकली आणि धावले.

"सुनीता, बस खाले."

आवाज चढा नव्हता, पण मी होते तिथंच बसले. मागे भिंतीशी अक्का उभ्या होत्या. उंच, सडपातळ, सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात पाठीमागे. पोरानं तीन तांबे सांडले. मग तो उठला, खिळ्यावरचं फडकं आणलं, पुसलं, पिळलं, पुन्हा बसला. चौथा तांब्या भरला. पाचवाही. एवढ्या वेळात मी ओट्याच्या फरश्या दोनदा मोजल्या. शेवटी तो तांबे उचलून आत गेला तेव्हा अक्का माझ्या शेजारी टेकल्या आणि म्हणाल्या, "घाई त्याले नही शे. आपले शे." म्हणजे घाई त्याला नाही, आपल्याला आहे.

अक्का मूळच्या धुळ्याकडच्या, खेड्यातल्या. कॉलनीच्या मंडळाच्या लोकांशी, पालकांशी नीट शहरी मराठी बोलायच्या. पण आनंद झाला किंवा राग आला, की अहिराणी आपोआप बाहेर यायची. त्यामुळे अहिराणी ऐकू आली की दोन्हींपैकी काय झालंय ते चेहरा बघून ठरवावं लागे.

हात पाठीमागे बांधून उभं राहण्याची त्यांची सवय मला सुरुवातीला हेडमास्तरी वाटली होती. महिन्याभरानं मागून पाहिलं तेव्हा कळलं की त्या नुसत्या हात बांधत नाहीत, पदराचं टोक दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरतात. मी विचारलं. म्हणाल्या, "हे हात फार आगाऊ आहेत. मोकळे सोडले की पोरांच्या कामात घुसतात." समोर एक मुलगी चपलेचा पट्टा उलट्या बाजूनं लावत होती आणि मागे अक्कांच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या. म्हणजे बाईंनाही मोह होत होता. माझ्या जिवाला फार बरं वाटलं.

बालवाडीत खोटं खेळणं एकही नव्हतं. प्लॅस्टिकचा भातुकलीचा संच कुणी भेट दिला तर अक्का आभार मानून तो माळ्यावर टाकत. पोरांसाठी सुताराकडून करून घेतलेले टीचभर पोळपाट होते, खरे. विळी नव्हती, पण काकडी कापायला सुऱ्या होत्या, त्याही खऱ्या. जुन्या बाजारातून त्या गंजकी कुलपं शोधून आणायच्या आणि त्यासाठी दुकानदाराशी असं काही भांडायच्या की जणू घराचं दार बसवायचंय. अठरा कुलपं आणि किल्ल्यांचा एक डबा. कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे अक्कांनाही ठाऊक नव्हतं आणि त्या ते मुद्दाम ठाऊक करून घेत नव्हत्या. "मला माहीत असलं तर तोंडातून निघून जाईल," म्हणायच्या.

आणखी एक. त्या कुणाला शाब्बास म्हणत नसत. पोरानं काही केलं की जे दिसलं तेवढंच सांगायच्या. "आज तू तीन बटणं लावलीस." "ही भाकरी एका बाजूला जाड झाली." गंमत म्हणजे पोरं त्यावर शाब्बासकीपेक्षा जास्त फुलायची आणि लगेच चौथ्या बटणाला लागायची. मी मात्र मोठी होते, डिप्लोमात पहिली आलेली होते, मला शाब्बास हवं होतं. सहा महिने वाट पाहिली. एका शुक्रवारी अक्का चटया गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, "सुनीता, आज तू फक्त तीनदा उठलीस." मी घरी जाऊन हे नवऱ्याला कौतुकानं सांगितलं. तो म्हणाला, तुमच्याकडे पगार बसून राहण्याचा मिळतो का?

शनिवारी बिघडलेल्या वस्तू उघडायचा कार्यक्रम असे. पोरांनी घरून मोडकी बॅटरी, बंद पडलेलं घड्याळ, तुटका रेडिओ असं काहीतरी आणायचं. जुन्या चादरीवर गोल करून बसायचं, स्क्रू ड्रायव्हरनं ते उघडायचं आणि आत काय आहे ते पाहायचं. एका शनिवारी परी नावाची मुलगी बाबांच्या स्कूटरवरून मिक्सर घेऊन आली. तिच्या बाबांना वाटलं, आईनं दिला असेल. आई आंघोळीला गेलेली. दहा वाजेपर्यंत मिक्सरची एकूण एक हाडं चादरीवर ओळीनं मांडलेली होती, आणि सव्वादहाला परीची आई ओट्यावर उभी होती. घरी पाहुणे येणार होते, चटणी वाटायची होती आणि मिक्सर चांगला चालता होता.

मला वाटलं, आता परीची धडगत नाही, आमचीही नाही. अक्कांनी परीला जवळ बोलावून विचारलं, चालता मिक्सर का आणला? परी म्हणाली, "आमच्या घरी काहीच बिघडत नाही." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दर शनिवारी ती बिचारी रिकाम्या हातानं येत होती आणि ते आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अक्का उठल्या, परीच्या आईपुढे गेल्या आणि सरळ म्हणाल्या, "चूक माझी आहे. बिघडलेलंच आणा असं मी सांगितलं. ज्याच्या घरी सगळं नीट आहे त्या लेकरानं काय आणावं, हे मला सुचलं नाही."

मग परीच्या आईला पाट दिला आणि सगळ्यांनी मिळून मिक्सर जोडला. परीच सांगत होती काय कशानंतर काढलं होतं, उलट्या क्रमानं. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो कुठला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बटण दाबलं तर मिक्सर असा सुरू झाला, की परीची आई म्हणाली, पूर्वी याचा आवाज जास्त यायचा हो.

असे आमचे दिवस बरे चालले होते. पण पलीकडच्या रस्त्याला एक इंग्रजी बालशाळा निघाली. भिंतींवर कार्टूनं, दारात रंगीत घसरगुंडी, आणि मुख्य म्हणजे तिथली पोरं रोज भरलेली वही घेऊन घरी यायची. आमची पोरं घरी यायची ती नखांत माती आणि खिशात चिंचोके घेऊन. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या वह्यांचे फोटो पडू लागले. खाली लोक अंगठे दाखवायचे, आणि ते अंगठे मला टोचायचे. पट कमी होऊ लागला.

हॉल मंडळाचा होता आणि मंडळाचे अध्यक्ष आबा. कचेरीतून निवृत्त झालेले, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, माणूस सज्जन. ते एक दिवस आले, अंगणात खुर्ची टाकून बसले आणि जड आवाजात म्हणाले की अक्का, लोक बोलतात. त्या शाळावाल्यांनी या हॉलसाठीही विचारलंय. जानेवारीत पालकसभा घ्या. पालकांचं समाधान झालं तर ठीक, नाहीतर जूनपासून हॉल त्यांना देऊन टाकू.

अक्का म्हणाल्या, बरं.

बरं! मला रात्र रात्र झोप येईना आणि ही बाई बरं म्हणून पोरांसोबत शेंगा सोलायला बसली. सभेला पालकांना काय दाखवायचं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, थंडी आहे, भरीत करू. पोरं करतील, पालक खातील. मी कपाळाला हात लावला. इकडे बालवाडी बुडायला आलीय आणि बाई वांगी भाजणार.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. रोज शेवटचा अर्धा तास अक्का अंगणात असायच्या. तेवढ्या वेळात मी आतल्या खोलीत पाच-पाच पोरांना बोलवायचे. बारा वह्या विकत आणल्या होत्या. पोराच्या मुठीत पेन्सिल द्यायची, वरून माझी मूठ, आणि ए, बी, सी. मग अ, आ, इ. पंधरा दिवसांत बारा वह्या भरल्या. अक्षर सुरेख होतं, कारण ते माझंच होतं.

सभेच्या सकाळी मी त्या हॉलमध्ये टेबलावर मांडल्या. अक्का आल्या, एक वही उचलली, चार पानं उलटली, दुसरी उचलली. म्हटलं, अक्का, पालकांना काहीतरी कागदावरचं लागतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरांना आवडलं का?" पोरांना मुळीच आवडलं नव्हतं. अक्कांनी वही जागेवर नीट ठेवली आणि म्हणाल्या, "राहू दे टेबलावर. आणल्यास ना, मग राहू दे."

अहिराणी नव्हती, म्हणजे राग नव्हता. हे जास्त वाईट होतं.

पालक आले ते थेट वह्यांवर तुटून पडले. सगळ्यांत जास्त खूश झाले ते रुद्रचे वडील. त्यांचं मोबाइलचं दुकान, आणि ग्रुपवर त्या शाळेच्या वह्यांचे फोटो टाकण्यात तेच पुढे असायचे. माझ्याकडे बघून म्हणाले, ताई, हे आधीच दाखवायचं ना. मी हसले. आबांनीही एक वही चष्मा वर करून पाहिली आणि मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

अंगणात पोरं कामाला लागलेली होती. चुन्याची एक रेघ मारलेली, तिच्या पलीकडे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ. तिथं आमच्या मदतनीस बाई, पोरांना बंदी. रेघेच्या अलीकडे काही जण लसूण सोलत होते, परी आणि आणखी दोघी लाकडी बडगीत मिरच्या ठेचत होत्या, आणि रुद्र हिरव्या पांढरट भरिताच्या वांग्यांना दाभणानं टोचे मारत होता. एकेका वांग्याला दहा, मोठ्यानं मोजत. त्याचे वडील वही घेऊन त्याच्यापाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, काय रे, एवढं छान लिहितोस, घरी सांगितलं नाहीस?

रुद्रनं मान वर केली नाही. "मी नही लिखं. ताईनी मना हात धरेल व्हता," तो म्हणाला आणि पुढचा आकडा मोजला. "सात."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं. मी अक्कांकडे पाहिलं. त्या भिंतीशी उभ्या होत्या, हात पाठीमागे. त्या काहीतरी बोलतील, सांभाळून घेतील, म्हणून मी थांबले. त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, पहिल्या दिवशी पाणी सांडणाऱ्या त्या पोराकडे बघत होत्या तशाच. तेव्हा मला कळलं की हे मलाच पुसायचंय.

मी म्हणाले, "खरं आहे. वह्या मी भरल्यात. मी घाबरले होते. तुम्ही मुलांना काढाल आणि बालवाडी बंद होईल, म्हणून. अक्कांना माहीत नव्हतं."

रुद्रचे वडील उठून उभे राहिले. चेहरा लाल झालेला. ते काही बोलणार तेवढ्यात आबांनी विषय बदलावा म्हणून म्हणा किंवा भूक लागली म्हणून म्हणा, परातीतलं एक वांगं उचललं आणि रेघ ओलांडून जाळात ठेवलं. साठ वर्षं शेतात भरिताच्या पार्ट्या केलेला माणूस, त्यांना कोण सांगणार. रुद्रनं सांगितलं.

"आबा, ते टोचं नही."

आबा म्हणाले, काही होत नाही रे. रुद्र म्हणाला, "टोचं नही ते फुटी जास." आबांनी हात झटकले आणि शांतपणे जाळापाशी उभे राहिले.

वांगं फुटलं. काय फुटलं! राख, ठिणग्या आणि वांग्याचा गर असा सगळा प्रसाद आबांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर. क्षणभर कुणाला हसायचं धैर्य होईना. मग परीची आई हसली आणि सगळं अंगण फुटलं. रुद्र तेवढा हसला नाही. त्यानं दुसरं वांगं घेतलं, दाभण घेतलं, आबांना रेघेच्या अलीकडे बोलावलं आणि दोन्ही वस्तू त्यांच्या हातात दिल्या. आबा टोचू लागले. रुद्र मोजत होता. आठव्यावर आबा थांबले तर म्हणाला, "आणखी दोन." आबांनी मुकाट्यानं दोन मारले. अध्यक्षांना इतक्या अदबीनं कामाला लावलेलं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलेलं नाही.

भरीत फक्कड झालं होतं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आया घरून घेऊन आल्या होत्या. बोटं चाटता चाटता आबा अक्कांना म्हणाले, एक वर्ष देतो, पुढच्या जानेवारीत पुन्हा सभा, तेव्हा मात्र शेवटचं. अक्का बरं म्हणाल्या. तीन पोरं तरीही गेली. त्यांत रुद्रही होता, कारण त्याच्या वडिलांनी मला माफ केलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. जाताना रुद्रनं मला एक किल्ली दाखवली, त्याला तिचं कुलूप सापडलं होतं. मी घरी जाऊन रडले.

अक्का मला रागावल्या नाहीत. त्या वह्यांची पानं फाडून त्यांनी पोरांना होड्या करायला दिली, एवढंच.

त्याच उन्हाळ्यात अक्कांच्या गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं की उठता येईना, आणि खाली बसता येत नसेल तर बालवाडीत काय काम, असं म्हणून त्या धुळ्याला धाकट्या भावाकडे निघून गेल्या. मी हातापाया पडले. निदान जानेवारीची सभा होईपर्यंत थांबा म्हटलं. नाही थांबल्या. किल्ल्यांचा डबा माझ्याकडे दिला आणि दुपारची एसटी धरली.

त्या वर्षी मी काय काय सांडलं ते माझं मला माहीत. पण वही आणली नाही. जानेवारी आली. सभेला नुसत्या येऊन बसा, काही बोलू नका, एवढं सांगायला मी आठवडाभर अक्कांना फोन करत होते. भाऊच उचलायचे आणि म्हणायचे, अक्का बाहेर गेल्यात. गुडघे गेलेली बाई रोज कुठे बाहेर जाते हो? मला राग आला, खरंच आला. वाटलं, एवढी वर्षं बरोबर काम केलं आणि ऐन वेळेला ही बाई आपल्याला सोडून देते.

सभा झाली. या वेळी पालकांना खाऊ घातलं नाही, पोरांबरोबर कामाला बसवलं. माझे शब्द दोनदा अडकले, एका पालकानं इंग्रजीचं विचारलं त्याला मी जमेल तसं उत्तर दिलं, परीची आई आपल्या बहिणीच्या पोराला घेऊन आली होती. आबा शेवटपर्यंत एक कुलूप उघडत बसले होते. ते उघडलं नाही. उठताना म्हणाले, हॉल राहू द्या तुमच्याकडेच, हे कुलूप पुढच्या वेळी बघतो.

सगळे गेल्यावर मी चटया झटकायला रस्त्यावर आले. समोर पिठाची गिरणी आहे. तिच्या पायरीवरून एक उंच बाई हाताचा आधार घेत हळूहळू उठली आणि उभ्या असलेल्या रिक्षात बसली. पाठीवर, पदरावर सगळं पीठ. मी हाक मारेपर्यंत रिक्षा स्टँडच्या रस्त्याला वळली होती.

मी धावत गिरणीवाल्या वहिनींकडे गेले. त्या चक्की बंद करत म्हणाल्या, "सकाळी दहापासून बसल्या होत्या. दळण नाही, काही नाही. मी दोनदा म्हटलं, अक्का, समोरच तर आहे, आत जा. तर म्हणाल्या, नको, तिचं काम चाललंय."